दुर्मीळ पुस्तके कशासाठी जपायची?

ग्रंथालयाचा दुर्मीळ विभाग म्हणजे मौल्यवान ग्रंथांची तिजोरी, असा आपला समज असतो. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. पुष्कळ पुस्तके दुर्मीळ होतात ती एके काळी सर्रास मिळत होती म्हणून. जे घरोघरी आहे ते जपण्याची गरज कोणालाच वाटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ घ्या. गोव्यात रायतूरला १६१६ साली ते रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघाले. चर्चमधून वाचल्या जाणाऱ्या या ग्रंथाच्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. छपाईने ग्रंथ अमर होतो, या विश्वासाला हा मोठाच धक्का आहे.

यावर कोणी म्हणेल, मजकूर तर वाचला ना? वाचला खरा; हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला तो छापलाही गेला. पण याच ग्रंथाच्या लंडनमधल्या देवनागरी हस्तलिखितात संस्कृत शब्दांचा भरणा अधिक आहे. मग स्टीफन्स यांच्या मूळ शब्दांजवळ कोणता पाठ? मूळ छापील प्रत असती, तर दोन्ही पाठ तिच्याशी ताडून पाहता आले असते. मजकूर पुरेसा का नाही, याचा दुसरा पुरावा बंगालमधल्या श्रीरामपूरचा. विल्यम कॅरी यांच्या १८१० सालच्या कोशात मराठी शब्द मोडीत छापले आहेत. तोच कोश आज बाळबोधीत काढला, तर शब्द सगळे येतील. पण मराठीची छापील लिपी अजून ठरायची होती, ही गोष्ट पानावरून पुसली जाईल.

दुसरा आक्षेप स्कॅनिंगचा. स्कॅन जरूर करावे, त्याने प्रतीची हाताळणी कमी होते. मात्र कागदाचा पोत, बांधणी, पाने मागाहून घातली की मुळातलीच, याचा निवाडा शेवटी प्रत हाती घेऊनच करावा लागतो. तिसरा आक्षेप जागेचा, आणि तो खरा आहे; प्रत्येक ग्रंथालय सगळे साठवू शकणार नाही. कोणी म्हणेल, त्यासाठी कायदा आहेच. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांना नवे पुस्तक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ठिकाणी पाठवावे लागते. परंतु काहीही बदल न केलेल्या पुढील आवृत्तीला त्यातून सूट आहे, आणि बदल नाही हे सांगणार प्रकाशकच. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या ग्रंथालयांनी कामाची वाटणी करावी. एकाने आपल्या गावच्या छापखान्यांची पंचांगे, दुसऱ्याने शालेय पुस्तके, तिसऱ्याने जत्रेत विकली जाणारी पोथ्या-पुस्तके घ्यावीत, आणि प्रत्येक आवृत्तीची निदान एक प्रत ठेवावी. ही पुस्तके आज चार पैशांत मिळतात. संग्रह करण्याची हीच वेळ आहे.