जंतूंचाही हिशेब तालुक्याला कळला पाहिजे



२०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपली बीटी कपाशी आतून पोखरली. ही अळी बीटीला जुमानत नाही, हे गुजरातेत २०१० मध्येच जाहीर झाले होते. आपल्याला कळले केव्हा? बोंड फोडल्यावर. माणसांच्या रोगजंतूंचे आज तेच चालले आहे.

जंतूवर औषध चालते का हे पाहायची तपासणी आहे, तिला कल्चर म्हणतात. लघवीतले, पुवातले जंतू ताटलीत वाढवायचे, वर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवायच्या. टिकलीभोवती पुरेशी जागा मोकळी राहिली तर औषध लागू. जंतू टिकलीला येऊन भिडले, तर पैसे पाण्यात. दोन-तीन दिवस लागतात, म्हणून कोणी थांबत नाही.

एका रोग्याचा कागद त्याच्यापुरता. हजारो कागद एकत्र केले की कुठले औषध निकामी होत चालले ते दिसते. कामगंध सापळ्यातले पतंग साऱ्या शिवारात मोजतात, तसेच हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद २०१३ पासून हे काम करते. मुंबईचे हिंदुजा, आपले सेवाग्राम त्यात आहेत. ई. कोलाय हा लघवीच्या विकारातला नेहमीचा जंतू. त्याच्यावर इमिपेनेम हे अगदी शेवटच्या फळीतले इंजेक्शन २०१६ मध्ये शंभरातल्या ८६ नमुन्यांत चालत होते. २०२१ मध्ये ६४.

आता यातली खोट पाहा. हे आकडे मोठ्या इस्पितळांचे. तिथे पोचणारा माणूस बहुधा चार डॉक्टर करून, चार औषधे खाऊन आलेला असतो. गावातले चित्र इतके वाईट नसेलही, पण गाव मोजतो कोण? तुमचा पोरगा पनवेलजवळ करंजाड्याला खोली करून राहतो. तिथे खाजगी लॅबमध्ये कल्चर केले, तर कागद त्याच्या खिशात. दिवाळीला जंतू गावी येतो, कागद येत नाही.

होत नाही असे कोणी सांगू नये. क्षयरोगाच्या प्रत्येक रोग्याची नोंद २०१२ पासून खाजगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे. मग बाकीच्या जंतूंचे काय? रोग्याचे नाव नको. तालुका, वय, जंतू, औषध एवढे पुरे. नमुना आपला, तर हिशेबही आपल्याकडे परत आला पाहिजे; प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फळ्यावर, दर सहा महिन्यांनी. या मागणीचा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे प्रत्येक तालुक्यातून जावा. तोवर कल्चरचा कागद फाडू नका. पुढच्या डॉक्टरसमोर आधी तो ठेवा, मग नाडी दाखवा.