घराण्याची चाल
(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ’ अशी करून दिली. मागच्या बाकावरच्या मंडळींना खरं काय ते माहीत आहे. विज्ञानाच्या बाई समोरच बसल्या आहेत. माझे सहामाहीचे मार्क त्यांनी आज जाहीर करू नयेत, एवढीच विनंती. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर सगळ्यांनी ताव मारलेला आहे, तेव्हा कुणाला डुलकी लागली तरी मी खडू मारणार नाही.

संयोजकांनी विषय दिला, ‘माझ्या कामाविषयी’. माझं काम म्हणजे नसांचे आजार. त्यातले काही घराण्यातून येतात, काही येत नाहीत. पण हे काम माझ्यापुरतं सुरू झालं ते आपल्या शाळेच्या मैदानावर, आणि तिथे मी काही चांगला वागलो नव्हतो. ते आधी सांगतो.

आपल्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ओळखलंच असेल. गुडघ्याखाली पाय काडीसारखे, तळव्याला मोठी कमान, आणि चालताना प्रत्येक पाऊल उंच उचलून टाकायचा. चप्पल पायात राहायची नाही म्हणून सुतळीने बांधून यायचा. धावण्याच्या शर्यतीत तो हमखास पडायचा आणि आपण हमखास हसायचो. त्याला ‘बगळा’ हे नाव पडलं. ते नाव मी ठेवलं होतं.

त्याचे वडीलही तसेच चालायचे. घरी हातमाग होता. तुटलेला धागा सांधताना त्यांची बोटं चुकायची. लोक म्हणायचे, ‘ही त्या घराण्याची चालच आहे.’ कुणी म्हणायचं, पोलिओ. पोलिओ बापाकडून मुलाला येत नाही, हा साधा विचार आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही.

पुढे मेडिकलला असताना एका पुस्तकात मी एक चित्र पाहिलं. तेच पाय, तीच कमान. खाली लिहिलं होतं, या पायांना करकोच्याचे पाय म्हणतात. म्हणजे माझं निरीक्षण बरोबर होतं, फक्त मी त्याची थट्टा केली होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्या आजाराचं नाव शार्को-मारी-टूथ. दाताशी त्याचा काही संबंध नाही. १८८६ साली पॅरिसमध्ये शार्को आणि मारी यांनी, आणि इंग्लंडमध्ये टूथ यांनी त्याचं वर्णन केलं. घराण्यातून येणाऱ्या नसांच्या आजारांत हा सगळ्यांत जास्त आढळणारा. साधारण अडीच हजार माणसांत एकाला, असा अंदाज नेहमी दिला जातो. त्याच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात सतराव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा चुकून दोनदा छापला गेलेला असतो, हे १९९१ मध्ये कळलं. नसेवर जे वेष्टण असतं, त्याचा एक घटक त्यामुळे प्रमाणाबाहेर तयार होतो आणि वेष्टण बिघडतं. सगळ्यांत लांबच्या नसा पायाच्या, म्हणून सुरुवात पायापासून. हात नंतर.

आता सोलापुरात डॉक्टर बोलायला उभा राहिला की डॉ. कोटणीसांचं नाव यायलाच हवं, आणि ते आपल्या मातीचे म्हणून आपल्याला अभिमान आहेच. पण आज मी मुंबईच्या दुसऱ्या एका डॉक्टरांविषयी सांगणार आहे, डॉ. नोशीर वाडिया. १९२५ ते २०१६. जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी मेंदूविकारांचं काम केलं. तोल जाणारे, झोकांड्या खात चालणारे रुग्ण त्यांच्याकडे यायचे. अशा लोकांना आपल्याकडे पटकन ‘प्यायलेला’ म्हणतात. वाडियांनी त्यांच्या चालीबरोबर डोळेही पाहिले. आपण एका वस्तूवरून दुसरीवर नजर टाकतो ती क्षणात उडी घेते. या रुग्णांची नजर सावकाश सरकत जायची. त्यांनी घरच्यांना तपासलं, वंशावळी मांडल्या. १९७१ मध्ये डॉ. स्वामी यांच्याबरोबर त्यांनी अशा नऊ कुटुंबांचं वर्णन ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापलं. तेव्हा एमआरआय नव्हता, जनुकीय तपासणी नव्हती. या आजाराचं जनुक १९९६ साली सापडलं. नऊ घरांमधल्या माणसांकडे कुणीतरी नीट बघितलं होतं, हे त्याच्या पंचवीस वर्षं आधीचं काम. संशोधन म्हटलं की आपल्याला काचेच्या नळ्या आठवतात. मला वाडियांनी पाहिलेले ते डोळे आठवतात.

मी ज्या दुसऱ्या आजाराचं काम करतो तो मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. यातही वेष्टणच बिघडतं, पण मेंदू आणि मज्जारज्जूमधलं. आणि ते बिघडवते आपलीच रोगप्रतिकारक शक्ती. वीस ते चाळीस हे वय, पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त. एका डोळ्याने अचानक अंधुक दिसतं, दोन-तीन आठवड्यांत बरं होतं. वर्षभराने पाय बधिर होतो, तोही सुधारतो. घरचे म्हणतात, टेन्शन आहे, कामाचा कंटाळा आहे. सासरी असेल तर आणखी काय काय म्हणतात ते मी सांगायला नको.

हा आजार भारतात जवळजवळ नाहीच, असं पूर्वी समजलं जायचं. एमआरआय आल्यावर दिसू लागला. पारशी समाजात तो तुलनेने अधिक आहे, हेही वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्ये दाखवून दिलं. मात्र एमएस हा बापाकडून मुलाकडे सरळ येणारा आजार नव्हे. तंतोतंत जुळ्या भावंडांत एकाला असला तरी दुसऱ्याला बहुतेक वेळा होत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो असं दिसलं. पण तो विषाणू बहुतेक सगळ्यांच्याच शरीरात कधी ना कधी शिरतो, तेव्हा आणखीही काही कारणं असणारच.

एमएसवरचं पहिलं खास औषध १९९३ मध्ये आलं, आज बरीच आहेत. खर्चाचं काय, हा तुमचा प्रश्न मला दिसतोय. रिटुक्सिमॅब हे मुळात कर्करोगाचं जुनं औषध. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी ते एमएसच्या एका प्रचलित गोळीसमोर उभं केलं. २०२२ च्या निकालात गोळी घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना पुन्हा झटका आला, रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांना. जुनं औषध नव्या कामाला नीट तपासून घेणं, हे आपल्यासारख्या देशासाठी सर्वांत मोलाचं संशोधन आहे.

तपासून घेणं म्हणजे काय, याचं उलट उदाहरणही सांगतो. २००४ मध्ये शार्को-मारी-टूथ झालेल्या उंदरांना क जीवनसत्त्व दिल्यावर ते सुधारले. आनंदीआनंद झाला. स्वस्त गोळी, कुठेही मिळणारी. मग इटली आणि ब्रिटनमध्ये रुग्णांचे दोन गट केले. एकाला क जीवनसत्त्व, दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. दोन वर्षं चाललं. २०११ मध्ये निकाल आला, दोन्ही गटांत फरक नाही. बातमी वाईट होती. पण ती चाचणी झाली नसती तर आजही आम्ही डोळे मिटून ती गोळी लिहून देत बसलो असतो.

म्हणून कुणी ‘स्टेम सेल’चं इंजेक्शन देऊन नसा बऱ्या करतो म्हणून लाखांत पैसे मागितले, तर शेत विकू नका. माझ्याकडे शेत विकून आलेली माणसं येतात. खरी चाचणी औषधाचे पैसे मागत नाही. ती भारताच्या चाचणी नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, नोंदलेली असते. संमतिपत्र मराठीत मागता येतं, आणि मधूनच ‘मला नको’ म्हणून उठून येता येतं. त्यासाठी तुमचे नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही.

आणखी दोन उपयोगाच्या गोष्टी. शार्को-मारी-टूथ बरा करणारं औषध अजून नाही, पण पायाला आधार देणारा स्प्लिंट, व्यायाम आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया यांनी माणूस चालता राहतो. व्हिन्क्रिस्टीन नावाचं कर्करोगावरचं औषध अशा रुग्णाला फार बाधू शकतं, तेव्हा घराण्यात हा आजार असेल तर प्रत्येक डॉक्टरला तो सांगावा. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे. प्रमाणपत्र मागायला लाजू नका.

आता आपल्या मित्राकडे येतो. व्हॉट्सअॅप ग्रुप झाला तेव्हा आमची पुन्हा गाठ पडली. तो पुण्याला मला भेटायला आला तो स्वतःसाठी नाही. मुलीला स्थळं येऊ लागली होती. त्याने विचारलं, ‘हे सांगायचं का लपवायचं?’

मी त्याला सांगितलं, प्रत्येक अपत्याला हा आजार येण्याची शक्यता निम्मी असते, येण्याची तेवढी आणि न येण्याचीही तेवढीच. तपासणी करायची की नाही हे तू ठरवायचं नाहीस, मी तर नाहीच. ती सज्ञान आहे, तिने ठरवायचं. पुढच्या वेळी ती एकटीच आली, तासभर प्रश्न विचारले आणि तपासणी करायचं ठरवलं. निकाल काय आला ते मी इथे सांगणार नाही. तो तिचा आहे. एवढंच सांगतो, की पुढे लग्नाची बोलणी झाली तेव्हा समोरच्यांना तिनेच स्वतः सगळं सांगितलं. लपवण्याची पाळी त्या घरावर पुन्हा आली नाही.

त्या पहिल्या भेटीत मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, ‘नाव तू ठेवलंस, आजारही तूच ओळखलास. फिटलं.’ मला नाही वाटत ते फिटलं. आज हे सगळ्यांसमोर बोलायची परवानगी त्याने दिली, ती त्याची दिलदारी. तो या सभागृहातच बसला आहे.

आपल्यातले काही जण आज शिक्षक आहेत, बरेचसे आजी-आजोबा होण्याच्या वाटेवर आहेत. वर्गात एखादं मूल सारखं अडखळत असेल, पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणत असेल, अक्षर दिवसेंदिवस बिघडत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा त्याचे पाय बघा. जमलं तर त्याच्या वडिलांचेही.

सर, बाई, तुम्ही आम्हाला बघायला शिकवलं होतं. मी ते जरा उशिरा शिकलो.