शेतीतील नवे तंत्र : एका बांधावरून दुसऱ्या बांधावर



कृषी संशोधन प्रक्षेत्रावर पूर्ण होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः ते पूर्ण होते शेतकऱ्याच्या शिवारात. शिफारस केलेले वाण अथवा तंत्र शेतकऱ्याच्या हिशेबात आणि विश्वासात सामावले जाईपर्यंत ते कागदावरच राहते. म्हणूनच नवे ज्ञान गावात कसे पसरते आणि काही वेळा ते वेशीवरच का थांबते, हा प्रश्न कृषी अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या सर्वांच्याच विचाराचा आहे.

शेतकरी रूढीप्रिय असतो, म्हणून तो नवे स्वीकारीत नाही, असा एक समज आहे. तो कितपत खरा आहे, हे संकरित ज्वारीच्या उदाहरणावरून तपासता येते.

एकच शेतकरी, दोन निर्णय

सी. एस. एच.-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण १९६४ साली प्रसारित झाले. ते बुटके, लवकर तयार होणारे आणि खताला उत्तम प्रतिसाद देणारे होते. परंतु त्याच्या गुणांबरोबर अडचणीही आल्या. पीक लवकर पक्व झाल्याने कणसे परतीच्या पावसात सापडत व दाणे बुरशीने काळे पडत. ताटे आखूड असल्याने कडबा कमी मिळे. भाकरीची चवही घरच्या ज्वारीसारखी नसे. शिवाय दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागे. ज्या घरात बियाणे कणगीतूनच निघत आले, त्या घराला हा खर्च अगदी नवा होता.

पुढे सी. एस. एच.-५ व सी. एस. एच.-९ ही अधिक सरस वाणे आली आणि खरीप हंगामात संकरित ज्वारीचा मोठा प्रसार झाला. मात्र रब्बी हंगामात तोच शेतकरी मालदांडीला धरून राहिला. जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर येणाऱ्या या पिकापासून त्याला टपोरा, पांढराशुभ्र दाणा हवा होता आणि जनावरांसाठी भरपूर कडबाही हवा होता. रब्बीसाठी काढलेल्या संकरित वाणांना या दोन्ही अपेक्षा एकत्रितपणे पुरविता आल्या नाहीत. खरिपात पुरोगामी असलेला शेतकरी रब्बीत प्रतिगामी कसा ठरेल? दोन्ही वेळी त्याने एकाच तराजूत लाभहानी तोलली होती. जो नकार अडाणीपणाचा वाटतो, तो पुष्कळदा संशोधनाला दिलेला अभिप्राय असतो.

ऐकणे आणि पटणे

अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याच्या प्रसाराचा एक प्रसिद्ध अभ्यास १९४३ साली प्रकाशित झाला. रायन व ग्रॉस या अभ्यासकांनी पाहणी केलेल्या २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे वगळता सर्वांनी १९२८ ते १९४१ या काळात नवे बियाणे स्वीकारले होते. बहुतेकांनी प्रथम थोड्या क्षेत्रावर पेरून पाहिले आणि मगच क्षेत्र वाढविले. बियाण्याची पहिली वार्ता अनेकांना विक्रेत्यांकडून कळली. परंतु निर्णयाच्या वेळी वजन पडले ते शेजाऱ्याच्या शब्दाचे. वार्ता कळणे आणि ती पटणे या दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत.

महाराष्ट्राच्या भूमीतही याचा प्रत्यय आलेला आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवण मंडळे स्थापन केली. मंडळाने कार्यक्रम एकत्र ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी ती योजना होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांच्या तुलनेत मंडळे असलेल्या गावांतील श्रोत्यांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडल्याचे आढळून आले. त्या गावांना चर्चेची आणि प्रतिप्रश्नाची संधी मिळाली होती. आज भ्रमणध्वनीवर क्षणात सल्ला पोहोचतो. पण चर्चेची ती गरज मात्र संपलेली नाही.

जोखीम कोणाची?

प्रसाराचा विचार करताना जोखमीचा विचार टाळता येत नाही. विहीर, भांडवल आणि पत असलेल्या शेतकऱ्याला एखादा प्रयोग फसला तरी सावरता येते. दोन एकर कोरडवाहू जमिनीवर कुटुंब पोसणाऱ्याचे मात्र वर्ष बुडते. तो मागे राहतो, याचे कारण त्याची बुद्धी नसून त्याची परिस्थिती असते. पुन्हा, नव्या तंत्राचा पहिला लाभ आधी येणाऱ्याला मिळतो. उत्पादन वाढून भाव उतरल्यावर येणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. म्हणून प्रसारकार्य सबळांपाशी थांबले, तर गावातील दरी बुजण्याऐवजी रुंदावण्याचा धोका असतो.

यातून काही गोष्टी ओघानेच निष्पन्न होतात. प्रात्यक्षिकासाठी रस्त्यालगतच्या बागाइतदाराचे शेत सोयीचे असते. परंतु गावातील बहुसंख्यांसारखी जमीन असलेल्या सामान्य शेतकऱ्याचे शेत निवडल्यास ते पाहणाऱ्याला 'हे आपल्यालाही जमेल' असे वाटते. तेथे उत्पन्नाबरोबर खर्च, मजुरी आणि चाराही मोजला जावा. बियाणे निवडण्यात, साठविण्यात आणि भाकरीची प्रत ठरविण्यात स्त्रियांचे ज्ञान मोलाचे असते. त्यांना शेतीसभेचे निमंत्रण नसेल, तर अर्धा अभिप्राय घरातच राहतो. शाळेच्या परसबागेत दोन वाणे शेजारी शेजारी लावून शिक्षकांना तुलनेची सवय मुलांच्या अंगी बाणविता येईल. आणि फसलेल्या प्रात्यक्षिकाची कारणमीमांसा यशस्वी प्रात्यक्षिकाइतक्याच मोकळेपणाने ग्रामसभेपुढे मांडली गेली, तर पुढच्या शिफारशीवर लोकांचा विश्वास बसेल.

शिफारस विद्यापीठाकडून गावाकडे जाते, तसा अनुभव गावाकडून विद्यापीठाकडे परत गेला पाहिजे. हा परतीचा मार्ग खुला ठेवणे हे प्रसार कार्यकर्त्याचे निम्मे काम होय. किती हेक्टरांवर नवे बियाणे पडले, ही नोंद आवश्यकच आहे. परंतु ज्यांनी ते एक वर्ष पेरून सोडून दिले, त्यांनी ते का सोडले, याचीही नोंद तिच्या शेजारी असावी. पुढील संशोधनाची दिशा पुष्कळदा त्या दुसऱ्या नोंदीतूनच सापडते.