दार लावा, मग डोळे मिटा

ज्येष्ठ मित्रहो, आणि त्यांना गाडीवरून आणून मागच्या खुर्च्यांवर टेकलेल्या मुला-सुनांनो,

मी घेतो ते सजगतेचे (माइंडफुलनेसचे) ऑनलाइन वर्ग म्हाताऱ्यांना झेपणार नाहीत, असं मला सांगतात ती बहुतेक मुलंच. ज्यांना झेपायचं ते फारसे कुरकुरत नाहीत.

आधी थोडी माहिती. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सजगतेचा वर्ग सुरू केला. तो पुढे ८ आठवड्यांचा झाला. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी त्याला नैराश्यावरच्या मानसोपचाराची जोड दिली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्या आणि नेहमीच्या उपचारांवर असलेल्या ६६ टक्के रुग्णांना ते पुन्हा आलं. सजगतेचा वर्ग केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. दोनदाच येऊन गेलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. जाहिरातीत हे वाक्य सहसा गाळलेलं असतं.

आता ऑनलाइन वर्गात काय होतं ते पाहा. मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवलेला. आम्हाला दिसतं कपाळ आणि छताचा पंखा. पहिल्या दिवशी एकच मनुका हातात घेऊन निरखायचा, हुंगायचा आणि सावकाश चावायचा. तो नेमका कवळीखाली अडकतो! सगळे हसतात आणि वर्ग मोकळा होतो. पुढे देहावर क्रमाने लक्ष न्यायचं. गुडघ्यापाशी आलं की दुखणं जास्तच जाणवतं, असं अनेकजण सांगतात. त्यांना मी खुर्चीवर बसायला सांगतो. मांडी घातलीच पाहिजे, हा हट्ट कशाला?

बटणं चार दिवसांत जमतात. खरी अडचण कानाची. डोळे मिटले की पडदा गेला, ओठ दिसेनासे झाले. उरतो फक्त आवाज, आणि त्यात कुकरच्या शिट्ट्या. त्याहून मोठी अडचण आडोशाची. गेलेल्या जोडीदाराची आठवण दाटून येते, आणि दिवाणखान्यात नातू टीव्ही बघत असतो. सून प्रेमानेच विचारते, "आई, रडताय का?" मग आई पुढच्या आठवड्यात रेंज नसल्याचं सांगतात.

म्हणूनच वर्ग घेणाऱ्याने सुरुवातीलाच घरचा पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर घ्यायला हवा. पडद्यापलीकडे कुणी कोसळलं, तर हात पोचत नाही. आणि या वर्गाच्या भरवशावर डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका.

मागच्या खुर्च्यांवरच्या मंडळींना एवढंच सांगतो: ॲप लावून द्या, हेडफोन आणून द्या, आणि आठवड्यातून दोन तास त्यांना एक खोली द्या. दाराला आतून कडी असलेली.