वीस मिनिटे आणि सहा तास

घोणस चावलेला शेतकरी इस्पितळात आला म्हणजे डॉक्टर त्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि ती नळी वीस मिनिटे जागची हलवीत नाहीत. नंतर ती कलती करून पाहावयाची. निरोगी माणसाचे रक्त एव्हाना साकळलेले असते. या रोग्याचे पाण्यासारखे वाहते.

याचे कारण मोठे विचित्र आहे. घोणस आपल्या विषाने रक्त साकळणे थांबविते असे नव्हे. ती ते अवेळी आणि अस्थानी घडवून आणते. रक्तातील पाचवा आणि दहावा साकळघटक विषामुळे एकदम चेतविले जातात, रक्तवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होऊ लागतात आणि फायब्रिनोजेनचा साठा संपून जातो. उधळ्या वारसाने तिजोरी रिती करावी, तसाच हा प्रकार. मग हिरड्यांतून रक्त झिरपू लागते.

यावर उपाय म्हणजे प्रतिद्रव्ये. घोड्याला थोडे थोडे विष टोचीत गेले की त्याच्या रक्तात ती तयार होतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने ही लस करण्यास आरंभ केला, त्यालाही कित्येक दशके लोटली. ही प्रतिद्रव्ये विषाला धरून निकामी करतात. मात्र ती स्वतः रक्त साकळवीत नाहीत. खर्ची पडलेले घटक यकृतालाच पुन्हा घडवावे लागतात. म्हणूनच नळीची परीक्षा सहा तासांनी पुन्हा करतात.

लसीचा गुण आधी उंदरांवर पारखला जातो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशाच्या पाच भौगोलिक विभागांतील घोणसांची विषे तपासली; निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. विषांच्या घडणीत पुष्कळ फरक निघाला. तेव्हा लसही जागोजागी उणी पडेल, असेच कोणालाही वाटले असते. पण बहुतेक विषांवर ती जवळजवळ सारखीच चालली. उत्तरेकडील निमशुष्क प्रदेशाच्या विषावर मात्र तोकडी पडली.

तथापि ही परीक्षा कशी होते, हेही पाहिले पाहिजे. विष आणि लस आधी नळीत मिसळतात, मग ते मिश्रण उंदराला टोचतात, आणि तो जगला की मेला एवढेच मोजतात. शेतकऱ्याच्या अंगात विष तासन्‌तास आधीच कामाला लागलेले असते. शिवाय जगलेल्या उंदराचे रक्त साकळत होते काय, त्याची मूत्रपिंडे शाबूत राहिली काय, हे या मोजणीत येत नाही. बेंगळुरूच्या संशोधकांनीही मृत्यूखेरीज होणाऱ्या या हानीवर लस किती चालते, हे पाहावयाचे राहिले आहे, असे स्पष्ट नमूद केले. भारतात दरवर्षी सर्पदंशाने सुमारे ५८,००० माणसे दगावतात. वाचलेल्यांपैकी कितीतरी जणांची मूत्रपिंडे कायमची अधू होतात.