शिबिराला निघालेले मूल आणि न पोचलेले पत्र



संयोजकांनी मला दिलेला विषय वरवर किरकोळ वाटावा असा आहे. येथील प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातील, म्हणजे ख्रूप आख्तमधील अकरा-बारा वर्षांची मुले शाळेच्या निवासी शिबिराला जातात. त्यांची तयारी पालकांनी कशी करावी, एवढाच तो विषय. दोन-तीन रात्री घराबाहेर राहणे, आळीपाळीने भांडी घासणे, काळोखात रानातून चालणे, समुद्रात डुंबणे या साऱ्याची भारतात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना धास्ती वाटते. पाण्याची धास्ती मात्र डच लोकांनाही आहे, आणि तिच्यावर त्यांनी शिस्तीचा उपाय शोधला आहे. पोहण्याच्या ‘अ’ प्रमाणपत्रासाठी मुलाला अंगावर कपडे आणि पायात बूट असतानाही पोहून दाखवावे लागते. ते प्रमाणपत्र शिबिरापूर्वीच मिळवावे. जिची आई विहिरीत कधी उतरली नाही अशी मुलगी वाडन समुद्रात निर्भयपणे उतरते, हे पाहणे हा आनंदच असतो.

बॅग मुलाने स्वतः भरावी, कारण ओला मोजा कोठे ठेवला हे तेथे त्यालाच शोधायचे असते. वर्गणी परवडत नाही म्हणून कोणी मुलाला घरी ठेवू नये. ही वर्गणी ऐच्छिक असते, आणि ती न भरल्यामुळे मुलाला वगळण्यास १ ऑगस्ट २०२१ पासून कायद्यानेच बंदी आहे.

मूल परतल्यावर त्याचे सर्वांग तपासावे. काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि केसांची कड येथे गोचीड चिकटते. तेल किंवा स्पिरिट न लावता, चिमट्याने कातडीलगत धरून ती सरळ ओढून काढावी आणि तारीख लिहून ठेवावी. पुढे तीन महिन्यांत त्या जागी पसरत जाणारे वर्तुळ दिसले, तर तो लाइम आजार असू शकतो. गोऱ्या कातडीवर ते लालभडक दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर जांभळट, मुका मार लागल्यासारखे दिसू शकते आणि म्हणून नजरेतून सुटते. हे डॉक्टरला आपणच सांगावे.

आता ज्यासाठी मी हे निमंत्रण स्वीकारले, त्या गोष्टीकडे वळते.

सिकलसेल हा शब्द विदर्भातून आलेल्या कुटुंबांना नवा नाही. तो जातीचा शिक्का नव्हे. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचे थैमान होते तेथे हा गुण रक्तात टिकून राहिला, कारण एकाच पालकाकडून तो आलेल्या वाहकाला तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. दोन्ही पालकांकडून आला की मात्र तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. शरीरातील पाणी घटणे, थंडी आणि दमणूक ही त्याची नेहमीची निमित्ते. शिबिरात ती तिन्ही एकत्र भेटतात.

माझ्या मुलीला हा आजार आहे. तिच्या अनुमतीने सांगते. २०११ साली तिचा वर्ग अमेलांड बेटावर गेला. औषधाच्या गोळ्या मी मोजून दिल्या होत्या, लोकरीचे कपडे दिले होते. पण शाळेच्या अर्जातील ‘आजार’ हा रकाना कोरा ठेवला आणि तिला म्हटले, ‘कोणाला सांगू नकोस.’ मी डॉक्टर, तरीही! नागपूरला शिकताना आडनाव विचारणाऱ्याला अर्धवट उत्तर देण्याची जी सवय मला जडली होती, तीच येथे माझा हात धरीत होती. शिवाय पुढे तिच्या लग्नाचे काय, हाही विचार होताच. तो नव्हता असे म्हणणार नाही.

या आजारात मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची शक्ती कमी होते, त्यामुळे मोठ्या वयापर्यंत रात्री अंथरूण ओले होऊ शकते. मैत्रिणींसमोर तसे घडू नये म्हणून तिने दुपारपासून पाणीच पिणे सोडले. सायंकाळी थंड समुद्रात खेळली, वाऱ्यात ओलीच उभी राहिली. मध्यरात्री पाय दुखू लागले. आईने सांगू नकोस म्हटले होते, म्हणून ती पहाटेपर्यंत उशीत तोंड खुपसून पडून राहिली. बेटावर इस्पितळ नाही. सकाळी तिला मुख्य भूमीवर आणावे लागले. ती बरी झाली. तिच्या युफने मला एकच प्रश्न विचारला: ‘तुम्ही मला का सांगितले नाही?’

त्या रात्रीनंतर मला मसूरचे स्टेशन वारंवार आठवू लागले. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९०१च्या सुमाराचा प्रवास सांगितला आहे. नवे कपडे घालून मुले वडिलांकडे गोरेगावला निघाली; शिदोरी होती, उत्साह होता. मुले येत असल्याचे पत्र पोचले, पण ते वडिलांच्या हाती देण्यास नोकर विसरला, म्हणून स्टेशनावर घ्यायला कोणी आले नाही. जात खरी सांगितली तेव्हा स्टेशनमास्तर मागे सरला. टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगितले तरी पाणी मिळाले नाही. शिदोरी जवळ असूनही मुले उपाशी झोपली.

तेथे सत्य सांगून दार बंद झाले, ही आपली स्मृती आहे आणि ती खोटी नाही. परंतु माझ्या मुलीच्या खोलीबाहेर नळ होता आणि तिची युफ स्टेशनमास्तर नव्हती. सुरिनाम आणि क्युरसाओहून आलेल्या कुटुंबांमुळे येथील डॉक्टरांना हा आजार चांगला ठाऊक आहे. २००७ पासून येथे जन्मलेल्या बाळांच्या टाचेच्या रक्ततपासणीत तो शोधला जातो. जी मुले भारतात जन्मून नंतर येथे आली, त्यांची तपासणी पालकांनी मागून घ्यावी. केवळ वाहक असलेल्या मुलाला सहसा कसलीच बंदी नसते. भरपूर खेळावे, पाणी प्यावे. आजार असलेल्या मुलानेही शिबिराला जावे, असेच माझे मत आहे.

मात्र शिक्षकांना लेखी कळवावे: पाण्याची बाटली सतत जवळ हवी, रात्री पाणी तोडू नये, त्याऐवजी प्रसाधनगृहाजवळची खालची खाट द्यावी, पाण्यातून बाहेर येताच अंग पुसून कोरडे, उबदार कपडे घालावेत. ताप ३८.५ अंशांवर गेला, छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर घरच्यांच्या फोनची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. रोजच्या गोळ्या मूळ वेष्टनात, मुलाच्या नावासह द्याव्यात. आणि मुलाला सांगावे की दुखले तर रात्री दोन वाजताही उठवायचे. मुलाच्या देखत हे शिक्षकांशी बोललात, तर मूलही बोलेल.

असे एक पत्र मी डच भाषेत तयार करून दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहे. नावाची जागा मोकळी आहे. ज्यांना येथे सर्वांसमोर उचलण्याचा संकोच वाटत असेल, त्यांनी मला घरी फोन करावा. मी टपालाने पाठवीन.

जयभीम.