बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं असं नाही

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "तुझ्या मस्टँगच्या चाकांचं काय झालं?" तर ऐका, थोडी लाज वाटतेय, पण सांगतो.

नवीन लोकांसाठी: मी मिशिगनमध्ये राहतो, दिवसा कोड लिहितो, आणि गराजमध्ये 1967 ची मस्टँग आहे. (पोनी कार म्हणा, मसल कार म्हणा, त्यावर भांडू नका.) तिची मूळ चाकं 14 इंची. मला 17 इंची हवी होती. 1994 ते 2004 च्या मस्टँगची सेकंडहँड अलॉय स्वस्तात मिळाली. पाच बोल्ट, 114.3 मिलिमीटरचं वर्तुळ. माझ्या गाडीचंही तेच. मी म्हटलं, झालं काम! कोड कंपाइल झाला की प्रॉडक्शनला ढकलणारा माणूस असतो ना, तो मी.

मागचं चाक लावलं आणि ते फिरेचना. टायर आतल्या पाट्याला, म्हणजे लीफ स्प्रिंगला, टेकला होता.

कारण ऑफसेट. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य धरा. चाक हबला जिथे टेकतं ती जागा मध्यावरच असेल तर ऑफसेट शून्य. ती जागा बाहेरच्या बाजूला सरकली तर प्लस, म्हणजे चाक गाडीच्या आत जातं. आतल्या बाजूला सरकली तर मायनस, चाक बाहेर येतं. नवीन मस्टँगची ती चाकं 8 इंच रुंद आणि प्लस 30. साठच्या दशकातल्या गाड्या शून्याच्या आसपासच्या चाकांसाठी बनलेल्या.

अमेरिकेतले जुने लोक ऑफसेटऐवजी बॅकस्पेसिंग बोलतात: हबला टेकणाऱ्या जागेपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर. 8 इंची रिम कडा धरून साधारण 9 इंच भरते. तिचं अर्ध साडेचार, त्यात 30 मिलिमीटर म्हणजे 1.18 इंच मिळवा. आलं जवळजवळ 5.7. ही आकडेमोड मी चाकं घेतल्यावर केली. बीटेक!

मग जुगाड. एक इंची स्पेसर घेतले, स्वतःचे स्टड असलेले. ऑफसेट प्लस 5 वर आला, चाकं फिरली, 245 चे टायर एकदम भारी दिसायला लागले. त्याच आठवड्यात आई-बाबा साताऱ्याहून आले. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. त्यांना फिरवून आणलं. घराच्या उतारावर चढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढून खर्रकन आवाज. मी म्हटलं, "जुनी गाडी आहे बाबा, आवाज येतात."

ते काही बोलले नाहीत. उतरले, खाली वाकले आणि पुढच्या टायरच्या खांद्यावरून हात फिरवला. "इकडे ये," म्हणाले. बोट जाईल एवढा काप होता. मडगार्डच्या आत दुमडलेल्या पत्र्यानं रबर सोललं होतं. "ह्यावर तू हायवेला आईला बसवून नेणार होतास का?"

मी खरंच नेणार होतो. शनिवारचं ठरलं होतं.

संध्याकाळी ते स्वयंपाकघरातून चपात्यांची कणीक घेऊन आले! मडगार्डच्या कडेला आतून जाड पट्टी थापली. मला म्हणाले, "आता हळू, स्टिअरिंग पूर्ण वळवून, तोच उतार चढ." डाव्या बाजूला कणीक कागदासारखी झाली, उजवीकडे बऱ्यापैकी उरली. म्हणजे गाडीच्या दोन बाजू सारख्या नाहीतच. पन्नासहून जास्त वर्षांच्या गाडीत हे नेहमीचं, म्हणून दुसऱ्या कुणाच्या मस्टँगला बसलेला आकडा डोळे झाकून उचलू नका. गाडी उभी असताना मोजून भागत नाही. चाक वळलेलं हवं आणि सस्पेन्शन दबलेलं हवं, कारण घासतं तेव्हाच.

शेवटी स्पेसर आणि ती चाकं विकली. थोडा तोटा झाला, जाऊ दे. पुढे 17 बाय 7 ची रिम घेतली, बॅकस्पेसिंग सव्वाचार इंच, वर 225/45 चा टायर. हिशेबानं बाहेरच्या बाजूला 11 मिलिमीटर सुटले, शिवाय टायरची उंचीही 18 मिलिमीटरनं कमी झाली. पुन्हा कणीक लावली. या वेळी तिला टायर लागलाच नाही.

अजून एक. घासत नाही म्हणून चाक वाट्टेल तेवढं बाहेर काढू नका. बेअरिंगवर ताण वाढतो, आणि ब्रेक मारताना किंवा खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. आणि नट बघा: माझे स्टड अर्धा इंची, इंचाला 20 आटे. नट निदान स्टडच्या जाडीइतका आत जायला हवा, म्हणजे दहा फेरे. नव्या रिमवर बाबांनी मोठ्यानं मोजत सगळे वीस नट हातानं लावले. पाना नंतर.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला गेलो, आई पुढच्या सीटवर. बाबा मागे बसून प्रत्येक वळणावर कान देत होते. आवाज आला नाही. आई मात्र अजून विचारते, त्या दिवशी चपात्या कमी का पडल्या.